चाकणपर्यंतचा श्वास

माझा मुलगा गुजरातमध्ये एका कारखान्यात कामाला आहे. मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी खाली नळावर होते. आमची खोली दापोडीत, रेल्वेलाइनच्या बाजूच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. जिना लोखंडी आणि उभा. फोन वर खिडकीत चार्जिंगला लावलेला होता. तो वाजतोय असं ऐकू आलं म्हणून हंडा तसाच नळाखाली ठेवून मी वर पळाले. फोन कानाला लावला आणि तोंडातून शब्द निघेना. नुसती धाप.

"आई? आई, काय झालं? बोल ना!"

मी नळावर होते, एवढंच सांगायचं होतं. तेवढाही वारा छातीत नव्हता. मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. त्याने माझा फोन कट केला आणि शेजारी फोन लावला. लगेच शेजारच्या वहिनी आपला फोन घेऊन आल्या आणि तो माझ्या कानाला लावत म्हणाल्या, "घ्या, बोला त्याच्याशी. पोरगा रडकुंडीला आलाय तिकडे. आणि खाली तुमचा हंडा वाहून चाललाय."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी महापालिकेच्या दवाखान्यात गेले. तिथे छातीला वायरी लावून पट्टी काढली, रक्त घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय ठीक आहे, साखर काठावर आहे. बसून बसून दम गेलाय तुमचा. रोज चालत जा. जमलं तर हळूहळू थोडं पळा."

मी हे मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "दिवाळीला मी येतो. तोपर्यंत तुझा हा दम थांबला नाही तर खोली भाड्याने देऊ आणि तू माझ्याबरोबर यायचं. आता मी काही ऐकणार नाही."

त्याचं चुकत नव्हतं. त्याचे वडील असेच गेले. शिफ्ट संपवून आले, जिना चढले, दारात बसले आणि पाण्याचा तांब्या मागितला. तांब्या माझ्या हातातच राहिला. मुलगा तेव्हा शिकाऊ कामगार म्हणून लांब होता. त्याला सगळं फोनवर कळलं. म्हणून माझी धाप त्याला तशी ऐकू आली.

पण मला जायचं नव्हतं. एकदा मी त्याच्याकडे महिनाभर राहून आले आहे. सून चांगली आहे, नातू तर अंगावरून उतरत नव्हता. तरी सकाळी तिघं आपापल्या वाटेने गेले की मी खिडकीत बसून समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघायचे. दुपार संपता संपायची नाही. इथेही मी एकटीच आहे. पण इथे माझी खोली आहे, कंपनीच्या बसमध्ये माझी जागा आहे, कामावर माझं टेबल आहे. एकटीने बसायच्या जागा ठरलेल्या आहेत.

मी चाकणला रबराचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर आहे. साच्यातून वायसर निघतात, त्यांच्या कडेला रबराची पातळ झालर राहिलेली असते. ती छोट्या कात्रीने कापायची. आठ तास बसून हेच काम. टेबलावरच्या बाकीच्या बायका बोलत असतात, कुणाच्या सासूचं, कुणाच्या हप्त्याचं, कुणाच्या मुलीच्या कॉलेजचं. मला पहिल्यापासून चारचौघांत बोलणं जमत नाही. काय बोलायचं ते मी मनात जुळवते, तोवर विषय पुढे गेलेला असतो. चौथीत शाळा सुटली त्याआधीही मी अशीच होते. बाईंनी उभं केलं की उत्तर माहीत असूनही ते घशातच राहायचं. कधी कधी असं व्हायचं की दिवसातला माझा पहिला शब्द संध्याकाळी फोनवर निघायचा. "हो, जेवले."

डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यातलं "हळूहळू" माझ्या लक्षात राहिलं नाही. "पळा" तेवढं राहिलं.

आमच्या इथून नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला महापालिकेचं मैदान आहे. पहाटे तिथे फारसं कुणी नसतं. मी पंजाबी ड्रेस घातला, ओढणी कमरेला बांधली आणि पायात कंपनीचे बूट घातले. ते काळे, जाड तळव्याचे, पुढे बोटांवर आतून लोखंडी टोपी असलेले. घरात एक चपलांचा जोड होता आणि हे बूट होते. पळायला बूट लागतात एवढं मला माहीत होतं. कंपनीच्या गेटवर पाटी आहे की बुटांशिवाय आत प्रवेश नाही, आणि सेफ्टीचे साहेब दर सोमवारी सगळ्यांना उभं करून सांगतात की तुमच्या पायांची काळजी हे बूट घेतात. मला वाटलं, एवढी काळजी घेणारे बूट आहेत, पळायला याहून चांगले कोणते असणार.

आणि पळणं म्हणजे मला एकच पळणं माहीत होतं. आमची कंपनीची बस मोठ्या रस्त्यावर मेट्रोच्या खांबाजवळ येते. ड्रायव्हर पुरता थांबत नाही. बस वळणावर दिसली की बायका डबा छातीशी धरून सुटतात. मीही तशीच सुटायचे. मैदानातही तशीच सुटले. अर्ध्या फेरीत डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखी कळ आली, तोंडात नाणं चोखल्यासारखी चव आली. मी गोलपोस्टला धरून वाकले आणि खोकत राहिले. घरी परतताना जिना चढायला नेहमीपेक्षाही जास्त वेळ लागला.

मी रोज गेले. रोज तेच झालं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. नडग्या ठणकायच्या, घोट्याला बूट घासून कातडं निघालं, तिथे कापूस ठेवून पट्टी लावायचे. आज नाही तर उद्या सोपं होईल असं वाटायचं, आणि उद्याही गोलपोस्टपाशीच खोकायचे. संध्याकाळी मुलाचा फोन यायचा. आता तो रोज करायचा. कामावरून सुटल्या सुटल्या, गेटबाहेरूनच. मागे गाड्यांचे हॉर्न.

"दम लागतोय का?"

"थोडा."

"जेवलीस का?"

"जेवले."

एवढंच बोलणं. पण रोज.

पळण्याबद्दल मी त्याला सांगितलं नाही. दिवाळीत खोली सोडायचीच आहे असं मनाशी धरून मी पत्र्याच्या पेटीतलं सामान एकदा काढून बघितलंही. मग परत ठेवलं.

एक दिवस मी गोलपोस्टकडे जीव घेऊन पळत होते, तेव्हा मागून आवाज आला.

"अवो ताई! थांबा, थांबा! मागं कुत्रं लागलंय का?"

मी दचकून मागे बघितलं. कुत्रं नव्हतं. माझ्याच वयाची एक बाई होती. काळीसावळी, अंगाने भरलेली, नवऱ्याचा असावा असा ढगळ शर्ट, खाली सलवार, कपाळावर मोठं कुंकू. ती संथपणे दुडकत येत होती आणि येता येता बोलत होती.

"न्हाई, मग येवढं जिवाच्या आकांतानं कुठं निघालाय? बस पकडायचीय व्हय? मी बसवालीच हाय. सांगा, थांबवते तुमच्यासाठी."

ती सिटी बसची कंडक्टर होती. माहेर भोसरीचं, सासर मोशीचं, आणि सध्या बहिणीकडे दापोडीत राहत होती. हे सगळं तिने मी न विचारता सांगितलं. मी गोलपोस्टला धरून फक्त मान हलवत होते. मग तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं.

"आन् ह्ये काय? ह्ये घालून पळता?"

"कंपनीचे आहेत," मी म्हणाले.

"त्ये दिसतंय मला. अवो, पायावर लोखंड पडलं तर पाय वाचावा म्हनून असत्यात ह्ये. हितं काय पडनार हाय तुमच्या पायावर? चेंडू?" ती एवढ्या मोठ्याने हसली की मैदानापलीकडचा दूधवाला वळून बघायला लागला. "पायात दोन इटा बांधून पळताय तुमी. आन् वर म्हनत आसाल, दम लागतो!"

मला लाज वाटली आणि हसूही आलं. पुष्कळ दिवसांनी कुणासमोर हसले.

त्या रविवारी मी बाजारातून साधे पांढरे कापडी बूट आणले. दुसऱ्या दिवशी ते घालून पळाले तेव्हा पाय नुसते उघडे असल्यासारखे वाटले, आपोआप वर येत होते. पण मी पुन्हा बसमागे पळाल्यासारखी सुटले आणि पुन्हा खोकले. कंडक्टरबाई गोलपोस्टपाशी येऊन थांबली.

"आता माझं ऐका. पळताना तोंडानं बोलता आलं पायजे. मी गर्दीत पुढनं मागं तिकिटं काढत जाते, तवा कशी वरडते? तसं वरडता आलं तर तुमची गाडी बरूबर चालली. न्हाई आलं, म्हंजे लई फास्ट चालली."

"मला बोलता येत नाही," मी म्हणाले.

"म्हंजे? आत्ता कोन बोललं?"

"सवय नाही."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाली, "बरं. मग बोलू नका. स्टॉप म्हना. स्टॉप म्हनायला काय लाजायचं? कामाला कुठं जाता?"

"चाकण."

"झालं तर मग. दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी, नाशिक फाटा, लांडेवाडी, भोसरी, मोशी, चिंबळी, कुरुळी, आळंदी फाटा, चाकन. चला. दापोडीपास्नं."

आम्ही पळायला लागलो. तिचं पळणं म्हणजे चालण्यापेक्षा जरासंच जास्त. मला वाटलं, हे कसलं पळणं. मी पुटपुटले, दापोडी.

"अवो मागच्या शिटापर्यंत जाऊ द्या. मागं म्हातारं बसलंय, त्याला ऐकू येत न्हाई."

"दापोडी," मी म्हणाले. "फुगेवाडी."

कासारवाडीला श्वास संपला. ती लगेच चालायला लागली आणि म्हणाली, "उतरा. कासारवाडी आली. उद्या पुढं जाऊ."

असं सुरू झालं. नावं एकामागून एक घडाघडा म्हणायची नाहीत. काही पावलं पळायचं आणि एक नाव म्हणायचं, मोठ्याने. श्वास जिथे तुटेल तिथे उतरायचं आणि चालायचं. बरं वाटलं की पुन्हा त्याच स्टॉपवर चढायचं. बरेच दिवस मी कासारवाडीच्या पुढे गेलेच नाही. मग एकदा नाशिक फाटा आला. तिथे पुन्हा अडकले. मग पाऊस सुरू झाला, मैदानात चिखल झाला, आम्ही मैदानाशेजारच्या बुद्धविहाराच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर पळायला लागलो, आणि तिथे माझा दम पुन्हा कासारवाडीवर आला. मला रडू आलं.

"असं हुतं," ती म्हणाली. "मधी मधी गाडी मागं येती. डेपोत ढकलायची न्हाई लगीच."

सोपं कधी झालं ते मला सांगता येणार नाही. पळताना ते कळलंच नाही. कळलं ते भलतीकडेच. एकदा पाण्याचा हंडा घेऊन जिना चढले, दाराची कडी काढली, हंडा ठेवला आणि ओट्यावरची भांडी विसळायला लागले. मधेच लक्षात आलं की मी दारात टेकले नव्हते. रोज टेकायचे. कंपनीत कँटीन वरच्या मजल्यावर आहे, तिथेही एकदा बाकीच्या बायका कठड्याला धरून थांबल्या आणि मी वर पोहोचून ताट हातात घेऊन उभी. रात्री झोप लागायला लागली. नडग्या दुखायच्या थांबल्या, ते कुठल्या दिवशी थांबल्या ते आठवत नाही. दुखणं सुरू झालेलं लक्षात राहतं, थांबलेलं राहत नाही.

पण एक सांगते, सुरुवातीचं अंतर कधीच सोपं झालं नाही. आजही नाही. दापोडी आणि फुगेवाडी म्हणताना रोज वाटतं की आज जमणार नाही, अंग जड आहे, घरी जावं. नाशिक फाट्यापर्यंत तसंच वाटतं. मग कुठेतरी श्वास आपल्या जागी बसतो आणि पाय आपले आपण चालतात. आधी मला हे माहीत नव्हतं. त्या सुरुवातीच्या जडपणालाच मी सगळं पळणं समजत होते, आणि तिथूनच रोज परत फिरत होते.

भोसरी आली त्या दिवशी कंडक्टरबाईने टाळी दिली. "माझं म्हायेर आलं. च्या घेऊन जा."

ती सारखी बोलायची. डेपोतलं, प्रवाशांचं, सुट्ट्या पैशांवरून होणाऱ्या भांडणांचं. मी ऐकायचे आणि स्टॉप म्हणायचे. तिच्या दोन गोष्टींच्या मधे माझा एक स्टॉप. त्या दिवसांत पहाटेची मी वाट बघायचे.

गणपती उठल्यानंतर एका सोमवारी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ड्युटी बदलणार आहे, पहाटेची पहिली गाडी मिळणार आहे, असं ती मागे म्हणाली होती. मोशीला परत जायचंही तिच्या बोलण्यात आलं होतं. मी तिचा फोन नंबर घेतला नव्हता. कितीदा मनात आलं होतं की मागावा. तिने माझ्याकडे मागितला असता तर मी दिला असता. बहिणीचं घर कुठल्या गल्लीत तेही मी विचारलं नव्हतं.

मग मी एकटीच पळायला लागले. पहिल्या दिवशी स्टॉपची नावं तोंडातून निघेनात. रिकाम्या मैदानात बाई एकटीच ओरडतेय, कुणी बघितलं तर काय म्हणेल. मी मनातल्या मनात म्हणून बघितलं. पण मनात म्हणताना श्वास कुठे तुटतो ते कळत नाही. मनात माणूस कुठेही जाऊन येतं. म्हणून मी तोंडाने म्हणायला लागले. आधी हळू, मग ती म्हणायची तसं, मागच्या सीटपर्यंत.

इकडे माझा दमसास वाढत गेला आणि तिकडे मुलाचे फोन कमी होत गेले. हे मला उशिरा लक्षात आलं. तो विचारायचा, "दम लागतोय का?" मी म्हणायचे, "नाही." "बरं वाटतंय ना?" "हो." मग दोघांनाही बोलायला काही उरायचं नाही. मागचे हॉर्न ऐकू येत राहायचे. "बरं, ठेवू का? ओव्हरटाइम आहे." रोजचा फोन दिवसाआड झाला. मग चार दिवसांनी. तो निर्धास्त होत होता. तेच तर मला हवं होतं.

एकदा पाच-सहा दिवस फोन आला नव्हता. मी डाळ निवडत बसले होते. फोन वाजला. मी स्वस्थ बसलेली, श्वास अगदी शांत. त्याने विचारलं, "दम नाही ना लागत आता?" आणि माझ्या मनात आलं की एकदाच, अगदी थोडी, धाप टाकावी. उद्या परत फोन येईल. परवाही येईल. मी तोंड उघडलंसुद्धा. मग त्या उन्हाळ्यातला त्याचा आवाज आठवला, आई, बोल ना.

"नाही लागत," मी म्हणाले. "अजिबात नाही."

"मस्तच," तो म्हणाला. "दिवाळीला येतोच आहे. मग ठरवू."

म्हणजे ठरायचं अजून बाकीच होतं.

दिवाळीची सुट्टी लागली तसा तो आला. सुनेला माहेरी जायचं होतं, नातू तिच्याबरोबर, हा एकटाच. मी दापोडी स्टेशनवर घ्यायला गेले. त्याच्याजवळ पाठीवरची पिशवी आणि एक मोठी चाकांची बॅग होती. पुलाच्या पायऱ्यांपाशी मी ती बॅग त्याच्या हातातून घेतली. इतकी मोठी बॅग, आणि उचलली तर हलकी. आत काहीच नव्हतं.

त्याने नजर चुकवली. "तुझं सामान बसेल म्हणून आणलीय."

बॅग घेऊन पूल चढले, उतरले, घरचा जिना चढले. तो मागे राहिला. दुसऱ्या मजल्यावर थांबून त्याने वर बघितलं. त्याचं पोट सुटलं होतं. "किती उभा आहे गं हा जिना," तो म्हणाला. मी दारात उभी राहून त्याची वाट बघत होते. त्याने माझा श्वास बघितला. मला दिसलं की त्याने बघितला.

तरी जेवताना तो म्हणाला, "दम बरा झालाय, मान्य. पण आई, प्रश्न तेवढाच नाहीये. इथे तुझ्याशी बोलायलासुद्धा कुणी नाही. दिवसदिवस तोंड उघडत नाहीस तू. असं माणूस खचतं."

त्याचं खरं होतं.

पहाटे तो झोपलेला असताना मी बूट घालून बाहेर पडले. ती रिकामी बॅग दाराशीच होती, तिला वळसा घालून गेले. आज कदाचित शेवटचंच, असं वाटत होतं. थंडी होती. फुगेवाडीला पाय जड होते, नेहमीसारखे. नाशिक फाट्याच्या पुढे श्वास जागी बसला. लांडेवाडी. भोसरी. मी मोठ्याने म्हणत होते. मोशी म्हणाले आणि वळणावर बघितलं तर मैदानाच्या फाटकात तो उभा. चपला घालून, शाल गुंडाळून. जागा झाला, मी घरात नाही, म्हणून शोधत आला होता.

"आई, कुणाशी बोलतेस?"

तोच आवाज. फोनवरचा. मला कळलं त्याला काय वाटलंय. एकटी बाई अंधारात पळतेय आणि हवेशी बोलतेय.

थांबले असते तर माझ्याच्याने बोलणं झालं नसतं. उभं राहून, त्याच्या तोंडाकडे बघून, मला कधीच काही सांगता आलेलं नाही. म्हणून मी थांबले नाही. "चल बरोबर," म्हणाले, आणि पुढे गेले. तो चपला फटफट वाजवत बाजूला आला. पळता पळता मी त्याला सगळं सांगितलं. नळावर होते ते. डॉक्टरीणबाईंचं. लोखंडी टोपीचे बूट. गोलपोस्ट. कंडक्टरबाई, तिचं भोसरीचं माहेर, मागच्या सीटवरचं म्हातारं. स्टॉप का म्हणायचे ते. ती यायची थांबली ते. तुझे फोन कमी झाले ते. धाप टाकावीशी वाटली आणि टाकली नाही ते. तुझे वडील दारात बसले तेव्हा मी त्यांना काहीतरी बोलायला हवं होतं आणि बोलले नाही, तेही. तो मधे बोलू शकला नाही, कारण त्याला धाप लागली होती.

दुसऱ्या फेरीत तो कंबर धरून मैदानाच्या कडेच्या पायरीवर बसला. मी त्याची धाप ऐकत होते. त्याला त्या दिवशी कसं झालं असेल ते मला तेव्हा नीट कळलं.

"तुला एवढं बोलताना," तो म्हणाला, आणि थांबला, श्वास घेतला, "मी कधी ऐकलंच नव्हतं."

मी उभी राहिले होते. आता मला काही सुचेना.

"चाकणपर्यंत जातेस?"

"अजून नाही. कुरुळीला तुटतो."

तो हसला. शालीने तोंड पुसलं. घरी येऊन चहा घेताना म्हणाला, "राहा तू. पण मला सांगत जा, कुठल्या स्टॉपला पोहोचलीस ते."

जाताना ती बॅग मी रिकामी जाऊ दिली नाही. शेव, चकल्या, नातवासाठी शिवलेली गोधडी, सुनेला बाजरीचं पीठ, सगळं भरलं. पूल चढताना यावेळी ती जड लागली. गाडी गेली आणि मी घरी आले. बॅग होती तिथे दाराजवळ फरशी मोकळी दिसत होती.

तो रविवारी फोन करतो. "कुठे पोहोचलीस?" "कुरुळी." "अरे वा." मग नातवाला देतो. नातू एकदा कुरुळी म्हणून ओरडतो आणि पळून जातो. बाकीचे दिवस फोन खिडकीत असतो. मी हट्टाने मागितलेलं हेच आहे, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

मागच्या आठवड्यात एका पहाटे कुरुळी गेली, आळंदी फाटा गेला, आणि चाकण आलं. मी मोठ्याने चाकण म्हणाले. कुणी टाळी द्यायला नव्हतं. आणि गंमत म्हणजे श्वास अजून उरला होता. पुढे काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी चाकणला उतरतेय, पुढे कधी गेलेच नाही. म्हणून उरलेली फेरी गप्पच पळाले.

त्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारी पॅकिंगमधली एक बाई बसली होती. तिचं गाव नारायणगावकडे आहे असं कधीतरी कानावर आलं होतं. दोन वर्षं आम्ही शेजारी बसतो. ती कानात गाणी लावते, मी बाहेर बघते. मोशी गेली तरी मी मनात वाक्य जुळवत होते. चिंबळीला ते जुळलं.

"चाकणच्या पुढे कुठली गावं लागतात?"

तिने कानातलं काढलं. "काय म्हणालात?"

मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

"राजगुरुनगर. मग मंचर, कळंब, नारायणगाव." तिने माझ्याकडे नवलाने बघितलं. "का हो? जायचंय का कुठे?"

"नाही," मी म्हणाले. "मला पाठ करायचीत."